पुण्यातली उन्हाळी सुट्टी, घरापासून अर्ध्या तासात

राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा मे महिन्याच्या तोंडावर बंद होतात आणि जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे साधारण सहा आठवडे. आई-बाबांना रजा मिळते ती जेमतेम आठवडाभर. आजी-आजोबा असले तरी दिवसभर मुलांच्या मागे पळणं त्यांना झेपत नाही. आणि घरातलं पाच वर्षांचं पोर मात्र सकाळी टुणकन उठून विचारतं, "आज काय करायचं?" या प्रश्नाला रोज उत्तर देता यावं म्हणून हा लेख. मुलं दोन ते आठ वर्षांची, घर पुण्यातलं, जागा अर्ध्या तासात गाठता येतील अशा आणि खर्च बेताचा, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

मला मनापासून वाटतं की या वयाच्या मुलांना रोज नवी जागा लागत नाही. त्यांना तीच जागा पुन्हा पुन्हा हवी असते. पहिल्यांदा टेकडीवर नेलं तर ती फक्त दमतात. दुसऱ्यांदा बसायला आवडता दगड सापडतो, पुढे त्या दगडाखालची मुंग्यांची रांग दिसते, आणि मग तो दगड त्यांचा होतो. दोन तासांचा प्रवास करून बघितलेल्या जागेशी अशी ओळख होत नाही. त्यामुळे सुट्टीसाठी दोन-तीन जागा निवडा आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जा.

आधी दिवस आखा, जागा नंतर

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे पहाट बऱ्यापैकी गार असते आणि संध्याकाळी वारं सुटतं. मुलांचा दिवस याच चढउतारावर बसवायचा.

मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळी सहा ते साडेआठ बाहेर. साडेअकरा ते साडेचार घरात, अजिबात बाहेर नाही. साडेपाचनंतर पुन्हा बाहेर, अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळेत आंघोळ, जेवण, झोप. सुट्टी आहे म्हणून मुलांना नऊपर्यंत झोपू दिलं की दिवसातला सगळ्यात चांगला वेळ हातचा जातो, आणि दुपारी चार भिंतींत कोंडलेली मुलं एकमेकांच्या उरावर बसतात. लवकर उठवायचं असेल तर दुपारची झोप सोडू नका. सहा-सात वर्षांची मुलं झोपत नाहीत, पण पडदे ओढून फरशीवर चटई टाकून तासभर लोळायला त्यांची ना नसते.

टीव्ही आणि मोबाइल पूर्ण बंद करण्याच्या फंदात पडू नये, असं मला वाटतं. दुपारची एक वेळ ठरवून द्या, समजा चार ते पावणेपाच, आणि ती रोज तीच ठेवा. वेळ ठरलेली असली की दिवसभर मागणी होत नाही.

छंदवर्गांबद्दलही सांगते. सहा वर्षांखालच्या मुलाला सुट्टीत एकही वर्ग नसला तरी काही बिघडत नाही. मोठ्या मुलांना हवाच असेल तर सकाळचा एखादा, दोन आठवड्यांचा. उरलेला वेळ मोकळा राहू द्या.

सकाळ: टेकडी

पुण्याइतक्या टेकड्या वस्तीला चिकटून असलेली शहरं फार नाहीत. कोथरूड, एरंडवणे, पाषाणकडच्यांना वेताळ टेकडी, सहकारनगरकडच्यांना तळजाई, शिवाजीनगरला हनुमान टेकडी, सेनापती बापट रस्त्याला चतुःशृंगी. आपल्या घराला जवळची असेल ती धरा.

छोट्यांसोबत माथा गाठायचा नसतो. तीन-चार वर्षांचं मूल अर्धा-पाऊण तास स्वतःच्या पायांनी चालतं, त्यापुढे ते खांद्यावर येतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटांवरची एखादी जागा मुक्काम म्हणून ठरवा: एखादं झाड, पाण्याची टाकी, सपाट कातळ. तिथे बसायचं, डबा खायचा, परतायचं. सोबत प्रत्येकाची पाण्याची बाटली, सुती टोपी, बंद बूट, राजगिऱ्याची वडी किंवा गूळपोळी आणि एक रिकामी कापडी पिशवी. पिशवीत मुलांनी बिया, पिसं, वाळक्या शेंगा गोळा करायच्या. नियम एकच: खाली पडलेलंच उचलायचं, तोडायचं नाही.

मोठ्यांनी एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. आज फक्त आवाज. कोकिळा सगळ्यांना ओळखू येते. पण भर उन्हाळ्यात ठोके दिल्यासारखं टुक-टुक-टुक ऐकू येतं तो तांबट, चिमणीहून थोडासाच मोठा हिरवा पक्षी. "पेरते व्हा" ओरडतो तो पावशा. तळजाईला आणि वेताळ टेकडीवर पहाटे मोराची केका हमखास ऐकू येते. दुसऱ्या दिवशी फक्त झाडं. एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटून कापूस उडत असतो, तो पकडायला मुलांना वेळ पुरत नाही. मग बहावा पिवळ्या झुंबरांनी लदबदतो आणि मेमध्ये गुलमोहर पेटतो. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी एक पांढरट, ठिपक्यांची असते. ती शोधायला लावा. कळी उलगडून आतल्या केसरांची लढाई खेळायची ही पुण्यातल्या कित्येक पिढ्यांची कला, तीही शिकवा.

टेकडी नको वाटली त्या दिवशी पर्वती. तिला १०३ पायऱ्या आहेत असं आपण सगळेच सांगत आलो आहोत. मुलांनी स्वतः मोजून पडताळावं. शंभरपर्यंत अंक नुकतेच आलेल्या मुलाला शंभराच्या पुढे जाण्याचं याहून चांगलं निमित्त नाही. वर गेल्यावर खाली आपलं घर कुठल्या दिशेला असेल ते विचारा. सात-आठ वर्षांच्या मुलांना नानासाहेब पेशव्यांची गोष्ट सांगता येते: देवस्थान त्यांनी उभारलं आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचा अंत इथेच झाला. छोट्यांना माकडं नसली तरी कबुतरं पुरतात.

साडेआठला परत फिरायचं. मुलं मजेत असली तरी.

दुपार: पाणी, भातुकली आणि "कंटाळा आला"

दुपारसाठी महागडी खेळणी लागत नाहीत. जुना बादलीवजा टब, दोन-तीन आकारांची भांडी, गाळणी, नरसाळं, चमचे, एवढं बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये मांडलं की दोन-तीन वर्षांचं मूल तासभर रमतं. टबात चार बोटं पाणी पुरे. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच; लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की टब लगेच रिकामा करून उपडा घालायचा. उन्हाळ्यात पुण्यात पाणी जपूनच वापरावं लागतं, तेव्हा ते पाणी कुंड्यांना. झारीने घालायचं काम मुलांचंच.

भातुकलीला मुलगे-मुली असा भेद करू नका. चार वर्षांच्या मुलाला खरंच काहीतरी करून खायला मिळालं की भातुकलीला रंग चढतो. चुलीशिवाय होणारे पदार्थ त्यासाठी आधीच ठरवून ठेवा: दूध-साखर-पोळीचा काला, गूळ-शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू, काकडीच्या चकत्या, पातळ पोह्यांचा चिवडा, ताक. इवल्याशा ताटलीत वाढलेलं ताक एरवी ताकाला तोंड न लावणारी मुलंसुद्धा पितात.

पाच वर्षांपुढच्यांसाठी पत्ते. सुरुवात भिकार-सावकारपासून, कारण त्यात डोकं लागत नाही आणि हरणं-जिंकणं पचवण्याचा सराव होतो. मग बदाम सात, मग झब्बू. चल्लस-आठ आजीकडून शिकून घ्या. खडूने पाच गुणिले पाच घरांचा पट आखायचा, चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी घ्यायच्या, पांढरी बाजू वर येईल तितकी घरं पुढे. चारही पांढरे आले तर चार, चारही काळे आले तर आठ. बाकीचे नियम घराघरात निराळे असतात, आपल्या आजीचे तेच खरे. तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके मोजून द्या आणि मोजून परत घ्या. नाकात-तोंडात जायला वेळ लागत नाही.

"मला कंटाळा आला" हे वाक्य रोज ऐकू येणार. लगेच काहीतरी सुचवायला धावू नका. जवळ घ्या, पाणी द्या आणि थोडा वेळ तसाच जाऊ द्या. जुने खोके, सुतळी, चिकटपट्टी आणि दोन जुन्या चादरी त्यांच्या हाताला लागतील अशा ठेवल्या तर बहुतेक वेळा डायनिंग टेबलाखाली घर तयार होतं.

वाळवण: दोन दिवस पुरणारं काम

उन्हाळ्यातला मुलांसाठीचा सगळ्यात उत्तम उद्योग कोणता असं विचाराल, तर मी वाळवण म्हणेन. यात ओलं हाताळायला मिळतं, गच्ची मिळते, राखण करायची जबाबदारी मिळते आणि शेवटी तळलेलं खायला मिळतं. कुरडयांचा घाट मोठा असतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा. घरात कुणी करत असेल तर गरम चिकाची वाटी मुलांना जरूर चाखवा. नवख्या घराने साबुदाण्याच्या पापड्यांपासून सुरुवात करावी.

आदल्या रात्री एक वाटी साबुदाणा बुडेल इतक्या पाण्यात भिजवा. सकाळी लवकर चार वाट्या पाणी उकळून त्यात साबुदाणा, मीठ आणि जिरं घाला आणि दाणे काचेसारखे दिसेपर्यंत ढवळत शिजवा. हे काम मोठ्यांचं. मिश्रण सरसरीत हवं. घट्ट झालं तर थोडं गरम पाणी. कोमट होऊ द्या. तोवर मुलांनी गच्चीवर जुनी चादर, तिच्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. मग डावाने किंवा चमच्याने पापड्या घालायच्या. मुलांच्या पापड्या वेड्यावाकड्या होतात, एकमेकींना चिकटतात. होऊ द्या. सरळ करायला जाऊ नका, तळल्यावर त्या प्रत्येकाला आपापल्या ओळखू येतात.

नऊच्या आत सगळं घालून व्हायला हवं, कारण त्यानंतर गच्चीची फरशी अनवाणी पायांना पोळते. चपला सक्तीच्या. राखण सावलीतून, जिन्याच्या दारातून करायची. कावळा आला की हाकलायचं. दुपारी राखण बंद, वर एक पातळ ओढणी पांघरा. संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या, चिवट पापड्या खाण्याचा हक्क राखणदारांचा. दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा ऊन द्या, कडकडीत वाळल्या की डब्यात.

पन्हं आणि पॉट आइस्क्रीम

पन्ह्याला दोन मोठ्या कैऱ्या उकडा. गार झाल्यावर सालं काढून गर पिळण्याचं काम मुलांचं. कोपरापर्यंत हात भरतात, म्हणून हे आंघोळीआधी. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, चवीला मीठ, वेलची, हवं तर केशर. हा गोळा फ्रीजमध्ये ठेवला की ग्लासभर माठाच्या पाण्यात दोन चमचे पुरतात. माठात वाळ्याची जुडी टाका, मुलं आपणहून पाणी मागतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर आंब्याची डाळही होते, तेव्हा ती वाढायला मुलांना घ्या.

पॉट आइस्क्रीमला लाकडी पॉट मिळाला तर उत्तम, नसला तरी चालतं. अर्धा लिटर दूध आटवून निम्मं करा, साखर घालून थंड करा, मग आंब्याचा रस मिसळा. हे झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरा. मोठ्या पातेल्यात बर्फ आणि खडेमीठ थराथराने घाला, तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मध्ये डबा बसवून तो मागे-पुढे फिरवत राहायचं, पाळी बदलत, वीस ते तीस मिनिटं. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेला गोठलेलं खरवडून आत ढकला. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालच्या तापमानाला वितळू लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, हे आठ वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतं. बर्फाचा एक खडा मीठ लावून आणि एक नुसता वितळायला ठेवा, म्हणजे डोळ्यांना दिसतं. मिठाच्या बर्फात उघडा हात बुडवू देऊ नका, तो चटका देतो.

रस्त्याकडेला डोंगरची मैना म्हणून करवंदं घेऊन बसलेल्या बायका मेमध्ये दिसू लागतात. जांभळं, ताडगोळे, जाम हेही याच दिवसांतलं. एकदा मुलांना पाच-दहा रुपये देऊन स्वतः खरेदी करू द्या. पाच वर्षांखालच्यांना जांभूळ बी काढूनच द्यायचं, द्राक्षं उभी चिरून, शेंगदाणे कूट करून.

संध्याकाळ: लगोरी आणि कच्चं लिंबू

साडेपाचला सोसायटीत किंवा वाड्याच्या अंगणात मुलं जमली की मोठ्यांचं काम थोडंच उरतं: गाड्यांपासून दूर जागा ठरवणं आणि पहिल्या आठवड्यात खेळ शिकवणं. आजच्या बऱ्याच मुलांना लगोरी माहीत नसते, कारण त्यांना कुणी दाखवलेलीच नसते. सात चपट्या फरशीचे तुकडे, कापडाच्या चिंध्यांचा चेंडू, दोन गट, बस. रबरी चेंडूपेक्षा चिंध्यांचा घ्या, लागत नाही. विषामृत, डबा ऐसपैस, लंगडी, आंधळी कोशिंबीर यांना तर तेवढंही सामान लागत नाही. विटी-दांडू मात्र मोकळं मैदान असेल तरच, आणि प्रेक्षक लांब उभे करून.

तीन-चार वर्षांचं भावंड मोठ्यांत खेळायला रडत असेल तर त्याला कच्चं लिंबू घ्या. ते पळेल, लपेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. या युक्तीमुळे लहानांना मानाने खेळता येतं आणि मोठ्यांचा खेळ मोडत नाही. मुलांना ती पटकन पटते.

शेजारच्या दोन-तीन घरांशी बोलून आळीपाळी लावली तर नोकरी करणाऱ्यांना फार आधार होतो. एक दिवस एका घरी सगळी मुलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. आजी-आजोबांच्या वाट्याला फक्त गोष्टी आणि पत्ते येऊ द्यावेत, धावपळ नको.

आठवड्यातून एक रात्र गच्चीवर. मे महिन्यात अंधार पडल्यावर सप्तर्षी उत्तरेकडे उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की केशरी स्वाती, आणखी पुढे नेली की पांढरीशुभ्र चित्रा. शहराच्या दिव्यांतही हे तिन्ही ओळखू येतात.

सावली नाहीशी होते तो दिवस

दुपारी बाहेर पडायचं नाही या नियमाला मी वर्षातून एकच अपवाद करते. १३ मेच्या आसपास पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या खालीच दडते. हाच योग जुलैअखेरही येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. सव्वाबाराला टोप्या-चपला घालून गच्चीवर जा. सपाट जागी स्टीलचा उभा पेला उलटा ठेवा, सावलीच्या टोकाला खडूने खूण करा, पाच-पाच मिनिटांनी पुन्हा. सावली आखडत जाते, नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मुलांना आपल्या पायांखाली दडलेली सावली बघू द्या, वर सूर्याकडे बघू देऊ नका. पाऊण वाजता खाली.

आठवड्यातून एक फेरी गावात

मेट्रो हीच अर्धी सहल आहे. वनाझकडून निघालात तर आधी पुलावरून शहर दिसतं. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत, ती दाखवा. जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदलताना सरकत्या जिन्यांनी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर उतरायचं. पुढे कसबा पेठ, मग मंडई. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालची. सकाळी लवकर गेलात तर आंब्याच्या पेट्या, फणस, फुलांचे ढीग सगळं बघायला मिळतं. मुलांना तीन वस्तूंची यादी द्या आणि त्यांनाच भाव विचारू द्या.

दुपारच्या आधीच्या तासाला राजा दिनकर केळकर संग्रहालय चांगलं. पण सगळं बघू नका. आज फक्त दिवे, किंवा फक्त अडकित्ते, किंवा फक्त वाद्यं. चाळीस मिनिटांत बाहेर. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, अखंड कातळात कोरलेलं. आत दगड गार असतो आणि गोल नंदीमंडपाभोवती धावायला मुलांना फार आवडतं. कोथरूडचं छोट्या रेल्वेगाड्यांचं जोशी संग्रहालय सगळ्या वयांना चालतं. पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू आहे का ते निघण्याआधी विचारा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. इतर दिवशी उघडताच जा, ऊन वाढलं की प्राणी सावलीला जातात आणि मुलं चालून थकतात.

खडकवासल्याला वारा खायला जरूर जा. पाण्यात मात्र कुणीच उतरायचं नाही, कालव्यातही नाही. या बाबतीत हट्ट, रडणं, काहीही ऐकू नका.

ऊन लागलं तर

बाहेर असताना दर अर्ध्या तासाला मुलांना दोन-चार घोट पाजा, तहान लागली म्हणण्याची वाट न बघता. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, आईचं दूध वारंवार. मूल मलूल झालं, ओठ सुकले, पाच-सहा तास लघवी झाली नाही, उलट्या होऊ लागल्या किंवा अंग तापलं, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि थोडं थोडं ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल गुंगीत असेल किंवा पोटात काही राहतच नसेल तर तोंडाने काही न देता थेट डॉक्टरांकडे. आणि उभ्या गाडीत मुलाला दोन मिनिटंही एकटं ठेवायचं नाही.

वळीव आणि जून

मेच्या उत्तरार्धात दुपारी ढग जमतात आणि संध्याकाळी वळीव कोसळतो, कधी गारांसकट. गडगडाट ऐकू आला की टेकडीवरून, गच्चीवरून आणि झाडाखालून लगेच आत यायचं. विजा थांबल्या की मग भिजणं, कागदी होड्या, गारा वेचणं, सगळं. नंतर टॉवेल आणि आल्याचं गरम दूध.

आमरस झाल्यावर कोयी धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा आणि कुंडीत लावा. मुलांनी नावाच्या पट्ट्या लावायच्या. कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून हे मेच्या अखेरीआधी. टेकडीवरून आणलेल्या बिया पहिल्या पावसानंतर सोसायटीच्या कडेला पेरता येतील, तोवर कागदी पिशवीत ठेवा.

शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून रात्रीची झोप रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. गणवेश आणि बूट त्याच आठवड्यात घालून बघा, सहा आठवड्यांत पाय वाढलेले असतात. सकाळची टेकडी मात्र चालू ठेवा, शनिवार-रविवारी.